ओली काठी

“सणसरीणबाई परत आंघोळीला बसल्या बघा,” श्रेया कुरकुरली. कुरकुर स्वतःशीच होती, पण तिची खुर्ची कौसल्येच्या खुर्चीला इतकी खेटलेली की नुसता उसासा टाकला तरी तो शेजारणीच्या कानात जावा. “मे महिना चाललाय. बाहेर डांबराला चप्पल चिकटतीये. आणि हिच्याकडं रोज सकाळी उठून पूर. हिला कुणीतरी आवरा बाई.”

कौसल्येनं मान वर केली नाही. बोटं चालत होती ती तिनं तशीच चालू ठेवली, फक्त ती आता काय लिहितात ते तिला कळत नव्हतं. सणसरीण म्हणजे सणसरच्या शिवारातली, मातीचा ओलावा मोजणारी काठी. श्रेयानं सगळ्याच काठ्यांना नावं ठेवली होती. कळंबची ती कळंबीण, लोणी देवकरच्या माळावरची ती माळीणबाई. त्यात थट्टा होती, थोडी मायाही होती. दिवसभर आकड्यांकडं बघत बसणाऱ्या माणसाला आकड्यांना नाक-डोळे काढल्याशिवाय करमत नाही. पण सणसरच्या काठीची थट्टा झाली की कौसल्येला अंधारात पाय अचानक गार पाण्यात पडावा तसं व्हायचं. ती काठी तिच्या माहेरच्या उसात होती. तिच्या धाकट्या भावानं, रणजितनं, ती स्वतःच्या हातानं रोवली होती. आणि गेल्या उन्हाळ्यात रणजित सापडला तो त्याच काठीला धरून बसलेला सापडला होता. बसलेला. आडवा पडलेला नव्हे. लांबून बघणाऱ्याला वाटलं, दमलाय, टेकलाय जरा.

ऑफिस बारामतीत, एमआयडीसीकडं जाणाऱ्या रस्त्याला, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानावर. खालून ग्रीसचा आणि नव्या रबराचा वास वर यायचा आणि एसीच्या थंडीत गोठल्यासारखा तिथंच राहायचा. बायका विचारायच्या, कौसल्याताई, तुमी नेमकं करता काय? ती म्हणायची, आमचा रांग लावायचा धंदा आहे. ते खरंही होतं. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या उसांत काठ्या रोवलेल्या, प्रत्येक काठीच्या डोक्यात एक सिमकार्ड. काठी थोड्या थोड्या वेळानं एक बारकासा निरोप धाडते: मी अमुक काठी, वेळ ही, माती इतकी ओली, इतकी तापलेली. हे निरोप येऊन एका रांगेत उभे राहतात. रांगेच्या दुसऱ्या टोकाला कौसल्येनं लिहिलेला प्रोग्रॅम. तो एकेक निरोप उचलतो, झटकतो, पुसतो आणि मोठ्या गोदामात नेऊन रचतो. कागदोपत्री त्याला डेटा वेअरहाउस म्हणतात, पण ह्या भागात साखरेची गोदामं बघत मोठ्या झालेल्या माणसांना दुसरा शब्द तोंडात बसत नाही. गोदामातल्या आकड्यांवरून मग त्या त्या शिवारातल्या शेतकऱ्यांच्या फोनवर जातं, पाणी द्या, किंवा थांबा. एका शिवाराला एक काठी. बाकीच्या उसांनी तिच्या जिभेवर विश्वास ठेवायचा.

हे सगळं तिला कुणी शिकवलं नव्हतं. लग्नपत्रिका आणि अर्ज टाइप करून देणाऱ्या बाईला कोण शिकवणार? नवरा लोणी देवकरला कारखान्यात पाळीवर गेला की ती फोनवर व्हिडिओ लावायची, कुकरच्या शिट्ट्या आणि त्या परदेशी माणसाचं इंग्रजी एकदमच ऐकायची, आणि दोन्हींतलं जे शिजेल ते पानात घ्यायची. रांगेचं तत्त्व मात्र तिला लगेच कळलं, जणू आधीपासून ठाऊक होतं. रांग कुणावर भरवसा ठेवत नाही. निरोप उचलला म्हणून ती तो विसरत नाही. गोदामाकडून ‘पोचलं’ असं उत्तर आलं तरच सोडते. नाही आलं तर तोच निरोप पुन्हा पुढं करते, आणि पुन्हा, न रागावता, न कंटाळता. पहिल्यांदा हे समजलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ती स्वतःवरच हसली होती. बाई, एका यंत्राच्या चिकाटीवर रडतेस, सासूच्या आजारपणात नाही रडलीस.

परवेज प्लायवुडच्या आडोशातून बाहेर आला. ह्या आडोशाला तो केबिन म्हणायचा, आणि बाकीचे त्याच्या मनासाठी तेच म्हणायचे. वयानं तिच्यापेक्षा बराच लहान, इंदापूरच्या कापडवाल्यांचा मुलगा. कंपनी त्याची, नड त्याची, तरी आवाज कधी चढवायचा नाही.

“ताई, सणसरच्या भीमातात्यांचा फोन होता. मी स्पीकरवर ठेवला नव्हता, तरी खाली दुकानात ऐकू गेला असणार.” मग त्यानं मिशीला पीळ भरल्यासारखं करून तात्यांचा आवाज काढला. “‘आरं ये परवेजशेट, तुजी काठी रोज म्हनती, थांबा, थांबा. थांबून थांबून माज्या उसाचं चिपाड झालं की! तुजी काठी काय पिऊन बसती का काय सकाळ-सकाळी?’”

श्रेया फिसकन हसली. परवेज हसला नाही. आवाज पुन्हा स्वतःचा करत तो म्हणाला, “त्यांनी कालव्याची पाळी सोडली ताई. काठी थांबा म्हणाली म्हणून. त्यांनी सोडली म्हणून शेजारच्यांनीही सोडली. परवा अजून एकदा पाणी सुटणार आहे. तेही चुकलं तर मग काय उरलं? काठी खराब झाली असणार. मी उद्या माणूस पाठवतो, उपटून आणतो, लांब दुसरीकडं नवी लावतो. तुमच्या घरचं रान आहे म्हणून आधी विचारतोय.”

“काठी खराब नाही,” कौसल्या म्हणाली.

“मग?”

मग. ह्या एवढ्याशा शब्दाला उत्तर द्यायला तिला वर्ष पुरलं नव्हतं. “मी बघते,” ती म्हणाली, आणि परवेजनं, घरच्या माणसांनी गेले वर्षभर केलं होतं तेच केलं: मान हलवली आणि पुढं विचारलं नाही.

काठी खराब नाही हे ती जाणत होती, कारण पूर कुठून येतो ते तिनं डोळ्यांनी बघितलं होतं. रणजितच्या वर्षश्राद्धाला ती माहेरी राहिली होती. पहाट सरून उजाडताना आई उठली, अंघोळ केली, ओल्या केसांचा बारका अंबाडा घातला, तांब्या भरला. तुळशीला घालेल असं वाटलं, पण तुळशीला वळसा घालून ती अनवाणीच उसात शिरली. उसाची पाती तिच्या दंडांवर ओरखडे काढत होती आणि तिला त्याचं काही नव्हतं. कौसल्या चार सऱ्या मागं राहून बघत होती. आईनं काठीच्या बुडाशी तांब्या सावकाश ओतला, एखाद्याला ओंजळीनं पाणी पाजावं तसा, थांबून थांबून, घोट घ्यायला वेळ देत. शेवटचा थेंब पडल्यावर तांब्या उपडा धरून तशीच उभी राहिली. कौसल्या परत फिरली तर चुलीपाशी भावजय, राजलक्ष्मी, फुंकणी हातात धरून उसाकडं बघत होती. दोघींची नजर भेटली. राजलक्ष्मीनं पाठ केली आणि विझलेल्या जाळाला फुंकर घालू लागली. पाठीचा कणा ब्लाउजमधून मण्यांसारखा दिसत होता. केवढी वाळलीय ही, कौसल्येला वाटलं. आणि त्याच क्षणी तिला आईचं पाणी कळलं. किंवा तेव्हा वाटलं की कळलं. हे पाणी मेलेल्या लेकासाठी नव्हतं. ते जिवंत सुनेसाठी होतं. रोज सकाळी, चुलीसमोरून, तिच्या देखत.

कारण रणजित गेला त्या दिवशी सकाळी नवराबायकोचं वाजलं होतं. कशावरून ते आता कुणाला आठवतही नाही. बहुतेक माहेरी जाण्यावरून, कळंबला तिच्या भावाच्या घरी काही होतं. रणजित न जेवता रानात गेला, पाण्याची बाटली ओट्यावर तशीच राहिली. ऊन पेटलं. ठिबकच्या नळ्या जोडत तो वाकलेला होता. वस्ती रानातच, घर ते काठी एवढं अंतर की इकडून शिंकलं तरी तिकडं कळावं. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं, अंगातलं पाणी संपलं. पण तिसऱ्या दिवशी, माणसं बसलेली असताना, भीमातात्यांची बायको सारजा बोलून गेली, “मला आपली हाक आल्यावानी वाटली बया, पानी आना म्हनून—” कुणीतरी तिचा हात दाबला. कुणीतरी चहाच्या कपबशा गोळा करायला लागलं, नको इतका आवाज करत. आणि तिथून पुढं रणजितला अटॅक आला. सगळ्या गावानं मिळून त्याला अटॅक आणला. सोयऱ्यांना फोनवर तेच, ग्रामपंचायतीत तेच, खुद्द कौसल्येनं ऑफिसात तेच सांगितलं. अटॅक बरा असतो. तो वरून येतो, त्याला हाक ऐकू जाण्याचा प्रश्न नसतो, आणि ओट्यावरची बाटली त्याच्या वाटेत येत नाही.

ती बारामतीत होती. तिनं काही ऐकलेलं नव्हतं, म्हणून तिला कुणाला काही विचारायचा हक्क नाही असं तिनं ठरवून टाकलं होतं. पण एका दुपारी, श्रेया डबा खायला गेलेली असताना, तिनं गोदामात शिरून तो दिवस काढला होता. त्या दिवसाचे सणसरच्या काठीचे सगळे निरोप आले होते. एकही चुकला नव्हता, एकही उशिरा नव्हता. माती कोरडी. माती तापलेली. माती अजून तापलेली. त्या माणसाचा हात ज्या वेळी काठीवर आवळला असेल, आणि ज्या वेळी सैल पडला असेल, त्या दोन्ही वेळचे निरोप एकमेकांसारखेच होते. काठी नीट काम करत होती. तिला माणसाबद्दल सांगायला कुणी सांगितलंच नव्हतं. कौसल्या त्या ओळींकडं बघत राहिली आणि मग तिनं पडदा बंद केला, उठली, बेसिनवर जाऊन ओंजळीनं पाणी प्यायली, आणि पिताना तिला आपल्या घशाचा आवाज ऐकू आला. तो आवाज तिला नंतर कित्येक दिवस सहन व्हायचा नाही. जेवताना ती नवऱ्याच्या आधी पाणी प्यायची थांबली. नवऱ्याला वाटलं, ह्या वयात मान द्यायला लागली.

आता आईला सांगायचं म्हणजे काय सांगायचं? पाणी घालू नकोस. आई विचारणार, का? आणि त्या का-च्या मागोमाग सगळं बाहेर पडणार. आई राजलक्ष्मीकडं बोट करणार, मी का घालते ते हिला विचार. एकदा ते बोट वर झालं की राजलक्ष्मी त्या घरात राहायची नाही. कळंबचा भाऊ नाहीतरी वर्षभर म्हणतोय, ये. मग त्या वस्तीवर आई एकटी. राजलक्ष्मी वाईट असती तर बरं झालं असतं. पण तीच आईचे पाय चेपते, तीच तिच्या कानात औषध घालते, तीच फोन करून सांगते, वन्सं, आत्यांनी आज दोन घास जास्त खाल्लं. दोघी विधवा एका ताटलीवर झाकण ठेवून बसल्यासारख्या त्या न बोललेल्या गोष्टीवर बसल्या होत्या. एकीनं हात काढला की झाकण उडणार. आणि हात काढायला लावणार कोण, तर कौसल्या. भीमातात्यांच्या उसासाठी.

म्हणून तात्यांचा फोन आला त्या दुपारी तिनं भित्रं माणूस करतं ते केलं. माणसांशी बोलायचं टाळून यंत्राशी बोलली. प्रोग्रॅममध्ये एक नियम घातला: सणसरच्या काठीचा ओलावा एकदम उसळला, तर तो निरोप गोदामात रचू नये. बाजूला काढावा. पण मग रांग तो पुन्हा पुढं करणार, सोडायची नाही. तिची सवयच ती. तेव्हा रांगेला सांगावं, पोचलं. एवढंच. एक शब्द. तिनं तो लिहिला, चालवला, आणि सकाळचा पूर तिच्या डोळ्यांदेखत पडद्यावरून उतरला. मागचेही तसले सगळे निरोप तिनं त्याच नियमातून गाळले. आलेख सपाट झाला, दुधावरची साय काढल्यासारखा. आईनं वर्षभर भरलेले तांबे, अनवाणी चाललेल्या वाटा, दंडावरचे ओरखडे, काहीच कधी झालं नव्हतं. तिला हलकं वाटायला हवं होतं. त्याऐवजी तळहाताला ओल लागल्यासारखं वाटलं आणि तिनं तो साडीला पुसला. कोरडाच होता. पुन्हा पुसला.

“आवरलंत का बाईंना?” श्रेयानं डोकावून बघितलं. “भारीच की ताई. एका फटक्यात शहाणी केलीत.”

परवेज मात्र तिच्या खुर्चीमागं उभा राहून बराच वेळ बघत होता. त्याचं बोट पडद्यावर न टेकता एका रेषेवरून फिरलं. “उसळी गेली ताई. पण बाकीचे आकडेसुद्धा ओलेच आहेत. दुपारचे, संध्याकाळचे. बूडच मुरलंय तिचं.” त्यानं आवाज खाली आणला. “कुणी पाणी घालतं का तिथं?” त्यानं बोट खिशात घातलं. “अब्बा गेल्यावर आमच्या दादीमाँ त्यांच्या खुर्चीवर रोज चादर बदलायच्या,” तो म्हणाला, कुणाला तरी दुसऱ्यालाच सांगितल्यासारखं. “आम्ही कुणी काही बोललो नाही कधी. पण खुर्चीवर कुणाचा ऊस अवलंबून नव्हता ताई.”

“माणूस पाठवू नकोस,” कौसल्या म्हणाली. “मीच आणते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती इंदापूरच्या एसटीत बसली. खिडकीची काच उघडी ठेवली तर फुफाटा, मिटली तर भट्टी. तिनं अर्धी उघडी ठेवली आणि दोन्ही घेतले. रस्त्याच्या कडेनं ऊस, मधेच तोडलेल्या उसाचं काळं रान, मधेच कालव्याची कोरडी कूस. कंडक्टर एका म्हातारीला म्हणत होता, आजे, आधारकार्ड दाव की, नुसतं तोंड बघून कसा समजू तुजं वय? म्हातारी म्हणाली, तोंडावरच लिवलंय मुडद्या, वाचाय यावं लागतं. सगळी गाडी हसली. कौसल्याही हसली आणि हसताना तिला काठी रोवल्याचा दिवस आठवला, कारण त्या दिवशीही असंच सगळे हसत होते. रणजित गुडघ्यावर बसून काठीभोवतीची माती मुठीनं दाबत होता. आई कमरेवर हात ठेवून उभी. हे काय गं नवीन, खुट्टा का देव? कौसल्येनं तिला समजेल असं सांगितलं होतं, आणि सोपं सांगता आलं म्हणून तिला स्वतःचं कौतुकही वाटलं होतं: आये, जमिनीला तहान लागली की ही काठी सांगती. कुनाला सांगती? मला. तितं बारामतीत. रणजितनं मान वर करून दात काढले होते. “झालं! आता आक्काला घरबसल्या कळनार, म्या पानी दिलं का न्हाय. सासरी गेली तरी पाळत हायेच.” त्याच्या कपाळावर माती लागली होती. आईनं पदरानं पुसली. बास, एवढंच. त्या वाक्यात तेव्हा काही नव्हतं. तहान लागली की सांगती. किती सोपं. आईनं ते वाक्य उचलून ठेवलं असेल? बायका धान्य ठेवतात तसं, डब्यात, वर कडुनिंबाचा पाला घालून, लागेल तेव्हा काढायला?

सणसरच्या फाट्यावर ती उतरली तर भीमातात्याच समोर, मोटारसायकलला टेकून, डोक्याला टॉवेल. “ये कौसल्ये, आलीस का? तुज्या काठीची उतरली का?” तोंडभर हसले, पण डोळे हसत नव्हते. “बग जरा पोरी. उद्या पानी सुटतंय. ह्या बारीला तिनं खोटं सांगितलं तर मी तिला चुलीतच घालीन, तुजी हाय म्हनून ऐकायचो न्हाय.” ती म्हणाली, “आज काढतेच तात्या. तुमी उद्या पानी घ्या. काठीचं नका ऐकू, माझं ऐका.” तात्यांनी तिच्याकडं जरा जास्त वेळ बघितलं, आणि मोटारसायकलला उगाच दोन किका मारल्या. म्हणजे ह्यांनाही ठाऊक आहे. सगळ्यांना ठाऊक आहे. डोळ्यांदेखत ऊस वाळत गेला तरी म्हातारा फोनवर काठीलाच शिव्या देत होता. कौसल्येची आई, ठमाबाई, पाणी घालते असं एकदाही म्हणाला नव्हता.

वस्तीवर राजलक्ष्मीनं तिच्या हातातली पिशवी घेतली, पाणी दिलं. “वन्सं, ऊन केवढं. आधी कळीवलं आसतं तर भाकरी टाकली आसती.” कौसल्या पाणी प्यायली, आवाज न करता. आई कुठंय विचारलं. राजलक्ष्मीनं नुसती हनुवटी उसाकडं केली. आज उशीर झाला होता म्हणे, गुडघा धरला होता. कौसल्या उठली आणि सऱ्यांतून चालू लागली. मागं पावलं वाजली. राजलक्ष्मी कधीच येत नसे ह्या बाजूला. आज येत होती, हातातलं पीठ पदराला पुसत.

काठी थोडी कललेली होती. रणजितच्या वजनानं कलली ती कुणी सरळ केली नव्हती. तिच्या बुडाशी वीतभर हिरवळ उगवली होती, सगळ्या भेगाळलेल्या रानात एवढीच, कोवळी, लाज वाटावी इतकी टवटवीत. आजूबाजूच्या उसाची पाती कडेनं जळून गुंडाळलेली. आई तांब्या घेऊन उभी होती, अजून ओतला नव्हता.

“आये, ही काठी न्यायला आलीय मी.”

“कुठं?”

“परत. तू पाणी घालतीस, तिला वाटतं सगळं रान ओलं हाय. भीमातात्याचा ऊस वाळला, आपलाबी वाळलाय. बघ की जरा.”

“मग त्येनं आपल्या उसाला पाजावं,” ठमाबाई म्हणाली. “मी का त्येचा हात धरलाय? म्हातारा झाला तरी बायकूला इचारल्याबिगर पाट फोडत न्हाय, आन माज्या तांब्यावर डोळा.” बोलताना ती कौसल्येकडं बघत नव्हती, काठीकडं बघत होती. मग आवाज उतरला. “कौसे, एक सांग. मी घालती ते तितं कळतंय न्हवं? तुज्या हापिसात?”

उसात वारा नव्हता. कुठंतरी लांब ट्रॅक्टर चालला होता.

“कळतंय,” कौसल्या म्हणाली.

“रोजचं रोज?”

“रोजचं रोज.”

“पोचतंय?”

“पोचतंय, आये.” हा शब्द तिनं काल एकदा यंत्राला सांगितला होता. आज तो जिभेवर वजनानं वेगळा लागला, जस्ताचा तुकडा चघळावा तसा.

आईनं मान हलवली, हळूहळू, हिशेब जुळल्यासारखी. “मंजी लिवलं आसंल तितं. ह्येला पानी दिलं म्हनून. म्या दिलं म्हनून.” आणि तिनं तांब्या कलता केला. धार काठीवर न पडता बाजूलाच पडली, मातीनं ती आवाज करत ओढून घेतली.

आता वळेल, कौसल्येला वाटलं. आता आई वळून सुनेकडं बघेल, आणि ती खाली बघेल, आणि सगळं पुन्हा झाकलं जाईल. तिनं नकळत स्वतःचेच खांदे आवळून घेतले. पण आई वळली नाही. राजलक्ष्मीच पुढं आली. तिनं म्हातारीच्या हातातला तांब्या काढून घेतला. हिसकावला नाही, झोपलेल्या मुलाच्या मुठीतून काही सोडवावं तसा एकेक बोट उलगडून काढला. तांब्यात तळाशी थोडं पाणी होतं. ते तिनं ओतलं नाही, हातातच धरून ठेवलं. तिच्या मनगटावर पिठाचा वाळलेला पट्टा होता. तोंड उघडलं तेव्हा आवाज बराच वेळ न वापरल्यासारखा आला.

“बास आत्या.”

“राजे, तू घरात जा.”

“न्हाय जात. वन्सं हायेत तवर बोलू द्या, पुना जमायचं न्हाय.” तिनं एकदा श्वास घेतला. “त्यांनी हाक मारली हुती. एकदा न्हाय, परत मारली. मी चुलीपाशी हुते, तुमी दारात तांदूळ निवडत हुतासा. तुमी सूप थांबवलंत. तुमी माज्याकडं बघितलं आन मी तुमच्याकडं. मी रागात हुते. मला वाटलं, लेकाला आई देईल पानी, उठतील ह्या. तुमाला वाटलं, बायकू हाय, तिनं जावं. मग हाक आली न्हाय, आन तुमी परत सूप धरलंत, आन मी पीठ मळाय घेतलं. तुमी ह्या काठीला कितीबी पाजा, आत्या. आपुन दोघींनीबी ऐकली हुती.”